गुन्हा उताराचा

आमच्या मालकांवर वेगात मोटार हाकल्याबद्दल खटला झाला, तेव्हा हसावं की पेढे वाटावेत हे पौडात कुणालाच कळेना. वेग! आणि मालकांच्या मोटारीला! जिच्यापुढून कोंबड्यासुद्धा दाणे टिपत टिपत, सावकाश बाजूला व्हायच्या, त्या मोटारीला! मी स्वतः त्या वेळी आत बसले होते, फौजदारांची शिट्टी माझ्या कानांनी ऐकली होती, तरी मलाही ते खरं वाटेना. आज इतक्या वर्षांनी सांगतानाही बघा, माझा आवाज चढतोच.

मी तेव्हा पौडच्या सरकारी दवाखान्यात नर्स होते. पुण्यात वाढलेली, तोंडाने फटकळ आणि खेड्यात बदली केली म्हणून सरकारवर मनातून चिडलेली. दवाखान्याच्या मागेच मालकांचं घर होतं, त्यातली रस्त्याकडची खोली मला भाड्याने मिळाली. मालक म्हणजे घरमालक. गाव त्यांना आबा म्हणायचं, मी शेवटपर्यंत मालकच म्हणत आले. भाताची खाचरं, थोडी नाचणी, असा खाऊन-पिऊन सुखी शेतकरी माणूस. अंगाने हे उंच, डोक्याला कायम फेटा आणि आवाज असा की शेजारच्या घरातलं तान्हं मूल दचकून उठावं. मी कितीदा ओरडले असेन त्यांच्यावर, "मालक, दवाखान्यात पेशंट झोपलेत हो!" तर तेवढ्याच मोठ्याने म्हणायचे, "बरं बाई, हळू बोलतो!"

मोटारीत बसले की त्यांचा फेटा छताला लागायचा, म्हणून मान एका बाजूला वाकडी करून चालवत. फेटा काढून ठेवा म्हटलं तर म्हणायचे, "उघड्या डोक्यानं कासरा धरायचा व्हय?"

कासरा म्हणजे बैलांची दोरी. पण मालकांच्या लेखी मोटार हा बैलच होता. ती उभी असायची गोठ्यात. गव्हाणीत पान्हे, चिंध्या आणि तेलाचे डबे. मागचं चाक साखळीने खुंट्याला बांधलेलं. मी पहिल्याच दिवशी विचारलं, "हिला बांधता कशाला? पळून जाणार आहे का?"

"सवय आसलेली बरी, बाई," मालक अगदी गंभीरपणे म्हणाले.

आत बसायचं तर पायातलं बाहेर काढून. एकदा कचेरीतले कुणी साहेब बुटांसकट चढले, तर मालकांनी मोटार जागची हलवली नाही. साहेब तणतणत उतरले, चालत निघाले आणि मोटारीच्या आधी पोचलेसुद्धा! पोळ्याच्या दिवशी मडगार्डांना हिंगूळ फासायचा, पुढच्या दिव्यांना बाशिंग बांधायचं आणि बॉनेटवर पुरणपोळी ठेवून हात जोडायचे. ती पोळी मग माझ्या ताटात यायची, कारण घरात दुसरं कुणी तिला शिवायला तयार नसे.

आणि अमावास्येला मोटार बंद. त्या दिवशी बैल जुंपत नाहीत, म्हणून मोटारही जुंपायची नाही! एका अमावास्येला वरच्या वाडीतून सांगावा आला, पहिलटकरीण अडली आहे. मी पिशवी घेऊन धावत गोठ्यात गेले, तर मालक म्हणतात, "आज तिला इसावा हाय." माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "मालक, बाळ काय पंचांग बघून येतं का?" ते विचारात पडले. मग मोटारीपाशी गेले, बॉनेटवर वाकले, काहीतरी कुजबुजले आणि परत येऊन म्हणाले, "चला. व्हय म्हनली."

मुलगी झाली. आईने मालकांना बघायला आत बोलावलं, तर हा धिप्पाड माणूस दारातच उभा राहून रडला.

त्यांची आणखी एक सवय होती. मोटार सुरू झाली की ते तोंडातल्या तोंडात पुटपुटायचे, "चल चांद्या, चल राजा." एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस, पण हे मात्र इतकं हळू की मागे बसणाऱ्यालाच ऐकू यावं. मोटार एक आणि नावं दोन कशी, हे मला कळायचं नाही. बसायला मात्र कायम मागेच लागायचं. पुढची, त्यांच्या शेजारची जागा रिकामी. तिच्यावर धुतलेलं घोंगडं घडी घालून ठेवलेलं. मी एकदा तिथे बसायला गेले, तर म्हणाले, "तितं नगं बाई. ती जागा हिची हाय."

ही म्हणजे काकू, मालकांची बायको. बारीक अंगाची, कमी बोलणारी बाई. पण एकदा 'नाही' म्हणाली की म्हणाली. काकूंनी त्या मोटारीत कधी पाऊल ठेवलं नव्हतं. गोठ्याकडे फिरकतही नसत. मोटारीला त्या 'सवत' म्हणायच्या आणि माहेरी, नेऱ्याला जायचं झालं तर नवऱ्याच्या दारात मोटार असताना ऊन डोक्यावर घेत चालत निघायच्या. मालक फाटकापर्यंत मागे जायचे, "आगं सोडतो की!" म्हणायचे, आणि तोंड पाडून परत यायचे. असला राग यायचा मला दोघांचा!

एकदा नाचणी निवडता निवडता काकूंनीच मला सांगितलं.

"माज्या बापानं लग्नात बैलजोडी दिल्याली, बाई. चांद्या नि राजा. सबंद नेऱ्यात तसली जोडी न्हवती. म्या हाक मारली का शिवारातनं घरला यायची. एक दिस ह्ये म्हनलं, बैलांस्नी नाल ठोकाया नेतो. म्या भाकरी बांधून दिली. आन् सांजच्याला बघते तर दारात ही सवत हुबी, धूर सोडीत!"

धरणावरचे कुणी साहेब बदली होऊन चालले होते, त्यांची जुनी मोटार विकायची होती. मालकांनी ती एकदा बघितली आणि झपाटले. बैल नांदे गावच्या एका शेतकऱ्याला विकले आणि मोटार घेऊन आले.

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"काय म्हननार? म्हनले, ज्या दिशी ही माज्या बैलांच्या म्होरं पळंल, त्या दिशी बसंन. तंवर न्हाई." आणि काकू पुन्हा नाचणी निवडू लागल्या.

तेव्हा मला त्या दोन नावांचा उलगडा झाला. पण मालक मोटारीला काय म्हणतात, ते मी काकूंना सांगितलं नाही. नवरा-बायकोच्या भांडणात तोंड घालू नये, एवढी अक्कल मला होती.

आता हे ऐका. तो नांद्याचा शेतकरी बाजाराला पौडात यायचा तो त्याच जोडीची गाडी घेऊन! आणि रस्त्यात मालकांची मोटार दिसली की हमखास मागे टाकायचा. बैल आता पोक्त झाले होते, तरी मागे टाकायचेच. वर वळून ओरडायचा, "आबा, दावं टाकू का? वढून न्हेतो!" अख्खा बाजार खो खो हसायचा. मालक मान वाकडी करून समोर बघत राहायचे. घरी आले की काकू काही बोलायच्या नाहीत, नुसत्या भाकरी थापायच्या. ते न बोलणं मालकांना जास्त लागायचं.

म्हणून तर त्या खटल्याने एवढी खळबळ उडाली!

झालं होतं असं. धरण बघायला कुणी मंत्री येणार म्हणून माले गावाकडून पौडाकडे येणारा रस्ता नवा कोरा डांबरी केला होता. मी आणि मालक माल्याच्या वाडीवरून बाळंतपण उरकून दुपारचे परत येत होतो. उतार लागला आणि मालकांनी नेहमीप्रमाणे इंजिन बंद केलं. ही त्यांची शिस्तच होती. पेट्रोल पुण्याहून डब्यातून आणावं लागायचं हे खरं, पण मालकांचं कारण निराळं. ते म्हणायचे, "उतरतीला बैलाला कशापाई वढाया लावायचं? तेवढाच इसावा."

एरवी त्या उतारावर इतके खड्डे होते की मोटार धडपडत, कुरकुरत खाली यायची. आता रस्ता गुळगुळीत! मोटार जी सुटली ती सुटलीच. झाडं मागे पळायला लागली. माझा पदर उडाला, पिशवीतल्या बाटल्या खणखणल्या. मालक दोन्ही पायांनी ब्रेक दाबत ओरडत होते, "व्हो! व्हो! आरं व्हो!" मी देवाचं नाव घेत होते आणि मधेमधे मालकांना शिव्या घालत होते. गावाच्या हद्दीवर पुण्याचे फौजदार मंत्र्यांच्या बंदोबस्ताला उभे होते. ताशी दहा मैलांची ताजी पाटी लावली होती. पाटीवरून, फौजदारांवरून आम्ही सर्रकन पुढे गेलो आणि शिट्टी ऐकू आली. पुढे सपाटीला मोटार आपोआप थांबली.

फौजदार धापा टाकत आले. "काय हो, हद्दीत एवढ्या जोरात? पंचवीस मैलांच्या खाली नव्हती गाडी!"

मालकांचा चेहरा पांढराफटक पडला होता. ते ऐकून त्यांनी हळूच मान वर केली.

"साहेब, काय म्हनला?"

"पंचवीस मैल! खटला भरतो तुमच्यावर!"

"पुन्ना म्हना," मालक म्हणाले.

फौजदारांना वाटलं, हा माणूस चेष्टा करतोय. मी सांगते, चेष्टा नव्हती. त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

मग गावात जो काही आनंद उसळला! कोर्टाची तारीख पडली म्हणून मालकांना पारावर बोलावून चहा पाजला. एस.टी.चा ड्रायव्हर मोटारीपाशी थांबून हॉर्न वाजवून गेला. ज्यांनी जन्मभर थट्टा केली तेच बॉनेटवर हात फिरवून म्हणू लागले, "आबा, वाटत न्हवतं हां!" सरकार म्हणतंय ना, मग प्रश्नच मिटला! नांद्याच्या त्या शेतकऱ्याच्या कानावर गेलं, तर तो म्हणाला, "कोर्ट काय म्हनतंय त्ये ऐकू, मंग बघू."

आणि काकू? काकू संध्याकाळी माझ्या खोलीत आल्या. दारातच उभ्या राहिल्या.

"पंचीस मैल म्हंजी माज्या बैलांपरास जास्ती का वो, बाई?"

"कितीतरी जास्त, काकू!" मी उत्साहाच्या भरात बोलून गेले.

"मंग बोलले तसं बसाया पायजे," त्या म्हणाल्या. "कोर्टाचं उरकलं का नेऱ्याला जाऊ म्हनते. भावाच्या दारात उतरंन."

पेटीतलं इरकल लुगडं निघालं. भाचरांसाठी लाडू वळायला घेतले. काकू गाणं गुणगुणतात, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मालकांनी पुढच्या जागेवरचं घोंगडं ओढ्यावर नेऊन पुन्हा धुतलं, वाळवलं, झटकलं, घडी घातली, मोडली, परत घातली. त्या माणसाच्या अंगात कुणी तरी वीस वर्षांचं पोर शिरलं होतं.

मग सल्ले सुरू झाले. कचेरीच्या ओसरीवर अर्ज लिहून देणारे एक भाऊसाहेब बसत. ते म्हणाले, "आबा, दंड भरू नका. केस लढवा! मोटार कोर्टासमोर उभी करू, सपाटीला पळवून दाखवू. साहेबांना दिसेलच की हिला दहाच्या वर जाता येत नाही. साक्षीला अख्खं गाव येईल."

अख्खं गाव खरंच तयार होतं! पण मालक असे भडकले की कचेरीच्या कौलावरची कबुतरं उडाली. "माज्या मोटारीला भर कोर्टात लंगडी म्हनायचं? आन् साक्षीला गाव? न्हाई लढायचं! गुन्हा कबूल म्हननार, ताठ मानेनं दंड भरनार!"

मलाही ते पटलं. कबूल म्हटलं की दंड किरकोळ, मान मोठा आणि काकू मोटारीत. आणखी काय पाहिजे?

तारखेच्या आदल्या संध्याकाळी मी ओसरीत वाती वळत बसले होते. मालक समोर येऊन बसले. वळलेली एक वात उचलून बोटांत फिरवत राहिले. मग म्हणाले, "बाई, कोर्टात कबूल म्हनलं म्हंजी काय कबूल केल्यागत व्हतं?"

"की तुम्ही मोटार वेगात चालवलीत."

"म्या चालवली का पर?"

मी वात हातातच धरून त्यांच्याकडे बघितलं. इंजिन बंद होतं, हे आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. फौजदारांना नाही, गावाला नाही आणि आत लाडू वळणाऱ्या काकूंनाही नाही.

"मालक," मी आवाज खाली आणून म्हटलं, "सरकारच म्हणतंय ना वेगात होती? तुम्ही खोटं काहीच बोलत नाही. नुसतं कबूल म्हणायचं आणि बाहेर यायचं."

"चालवली न्हाई बाई. ती घरंगळली. धोंडा घरंगळतो तशी."

"घरंगळली तर घरंगळली! खरं बोललात तर दंड काही टळणार नाही, आणि काकू पुन्हा बसायच्या नाहीत. कळतंय का तुम्हाला?"

"त्येच तर कळतंय," मालक म्हणाले आणि उठून गोठ्यात गेले. जेवायला आलेच नाहीत. काकू ताट झाकून वाट बघत बसल्या. मला वाटत होतं, जाऊन त्या माणसाला गदागदा हलवावं. एवढं आयुष्य वाट बघितली, आता घास तोंडाशी आलाय तर गिळायचा सोडून हा माणूस चावत बसलाय!

दुसऱ्या दिवशी कचेरीत पुण्याच्या मॅजिस्ट्रेटसाहेबांनी कोर्ट भरवलं. एरवी तिथे बांधाची भांडणं नि कोंबडीचोर. त्या दिवशी मात्र पाय ठेवायला जागा नव्हती. माणसं खिडक्यांच्या गजांना लटकली होती. नांद्याचा शेतकरी बैलगाडी बाहेर झाडाखाली सोडून खास आला होता. मालकांनी कडक फेटा बांधला होता. आणि मागे, दाराशी, इरकल नेसून, लाडवांचं गाठोडं काखेत धरून काकू उभ्या होत्या. मोटार बाहेर तयार. कोर्ट सुटलं की तसंच नेऱ्याला निघायचं ठरलं होतं. मालक काय बोलणार, हे मलाही माहीत नव्हतं.

साहेबांना सर्दी झाली होती. नाक पुसत त्यांनी विचारलं, "हद्दीत भरधाव मोटार चालवली. गुन्हा कबूल?"

मालकांनी एकदा मागे वळून काकूंकडे बघितलं. मग समोर वळले.

"साहेब, वेग कबूल हाय. पर त्यो माज्या मोटारीचा न्हाई."

"मग कुणाच्या मोटारीचा?"

"कुनाच्याच न्हाई. उताराचा."

खसखस पिकली. साहेबांनी टेबलावर हात आपटला. "नीट सांगा."

"इंजीन बंद व्हतं, साहेब. उतरतीला म्या बंदच ठिवतो. रस्ता गुळगुळीत, बिरेक लागंना. मोटार पळत न्हवती. घरंगळत व्हती."

साहेबांनी फौजदारांकडे बघितलं. "इंजिनाचा आवाज ऐकला होता का तुम्ही?"

फौजदार चाचरले. "नाही साहेब. आवाज नाही म्हणून मला वाटलं, कुणा बड्या माणसाची नवी गाडी आहे. मी आधी सलामच ठोकला. मोटार बघितली तेव्हा शिट्टी फुंकली."

आता साहेबांनाही हसू आवरेना. रुमाल तोंडाशी धरून ते म्हणाले, "बरं, मग सपाट रस्त्यावर ही मोटार किती पळते?"

मालकांनी फेटा काढून हातात घेतला. उघड्या डोक्याने त्यांना मी तेव्हाच बघितलं. नेहमी सबंध गावाला ऐकू जाणारा त्यांचा आवाज तिसऱ्या रांगेपर्यंत जेमतेम पोचला.

"नांद्याचं बैल म्होरं जात्यात, साहेब."

कुणी हसलं नाही. नांद्याचा शेतकरीसुद्धा खाली बघायला लागला. मी दाराकडे बघितलं, तर काकूंनी गाठोडं छातीशी घट्ट धरलं होतं.

"इंजिन बंद करून उतारावर मोटार सोडायची, हाही धोकाच आहे, माहीत आहे ना?" साहेब म्हणाले.

"व्हय. त्यो गुन्हा लावा, साहेब. त्यो माजा हाय."

साहेबांनी रुमालाने नाक पुसलं. मग म्हणाले, "वेग कुठून आला, हे कायदा विचारत नाही. उताराला काही मला इथे हजर करता येत नाही. तेव्हा दंड तुम्हीच भरा, आणि पुन्हा इंजिन बंद करू नका."

म्हणजे दंड तो तोच! गप्प बसले असते तरी तोच! मी बाहेर येताना रागाने नुसती थरथरत होते. "काय मिळवलंत, मालक?" एवढंच बोलू शकले. ते मोटारीपाशी जाऊन, फेटा हातात धरून उभे राहिले. भोवती गर्दी जमली. नांद्याच्या शेतकऱ्याने हवा हलकी करायला म्हटलं, "आबा, बंद इंजिनावर येवढी पळती, चालू ठिवली आसती तर इमानच की वो!" सगळे हसले. मालक हसले नाहीत. कारण काकू पायऱ्या उतरून येत होत्या.

गर्दीने वाट दिली. काकू नवऱ्यासमोर येऊन थांबल्या.

"म्या हरलो गं," मालक जमिनीकडे बघत म्हणाले. "तुजं बैलच म्होरं हायेत. जा तू चालत. म्या काय म्हननार न्हाई."

"बैलांचं ऱ्हाऊ द्या," काकू म्हणाल्या. "त्या दिशी मला काय सांगून गेला व्हता?"

मालकांनी मान आणखी खाली घातली.

"नाल ठोकाया नेतो म्हनला व्हता. म्या भाकरी बांधून दिली. बैल इकलं त्याचा राग कवाच निवला वो. मला फसवून न्हेलं, त्ये निवंना." त्यांनी काखेतलं गाठोडं सावरलं. "आज कुनाला म्हाईत न्हवतं, कुनी इचारलं न्हवतं. येक सबूद न बोलता मला मोटारीत बसवता आलं आस्तं. तरी गावादेखत खरं बोलला."

एवढं बोलून काकूंनी वहाणा काढल्या, हातात घेतल्या आणि मोटारीचं पुढचं दार ओढलं. ते उघडेना, ते कायमच अडकायचं. "उघडा की वो!" काकू करवादल्या. मालक धावले. काकू घोंगड्यावर बसल्या, गाठोडं मांडीवर घेतलं आणि समोर बघायला लागल्या.

काय सांगू तुम्हाला, अख्खं पौड ओरडलं! कुणी तरी टोपी उडवली. भाऊसाहेबांनी टाक कानाला खोचून टाळ्या वाजवल्या. आणि मी, जी घटकाभरापूर्वी रागाने थरथरत होते, ती मागच्या जागेवर चढून हमसून हमसून रडत होते. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण मी गेले. दवाखान्याचं काय व्हायचं ते होवो म्हटलं.

मालकांनी फेटा डोक्यावर चढवला, हँडल मारलं, आत येऊन मान वाकडी केली. मोटार धडधडली. आणि सवयीने ते पुटपुटले, "चल चांद्या, चल राजा."

काकूंनी चटकन मान वळवली. इतक्या वर्षांत त्या मोटारीजवळ फिरकल्याच नव्हत्या, तेव्हा त्यांना हे कुठून ठाऊक असणार? "काय म्हनला?"

"काय न्हाई."

"रोज आसंच म्हंता?"

मालकांनी नुसती मान हलवली. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. गावाबाहेर छोटासा उतार लागला, तसा मालकांचा हात आपसूक इंजिन बंद करायला गेला. काकूंनी त्यावर आपला हात ठेवला. "चालू ऱ्हाऊ द्या. साहेबानं सांगितलंय न्हवं?"

तेवढ्यात मागून घुंगरांचा आवाज आला. नांद्याचा शेतकरी घराकडे निघाला होता. गाडी आमच्या बरोबरीला आली, तर त्याने कासरा खेचून बैल आवरले आणि हात पुढे करून ओरडला, "आबा, जावा म्होरं! आज वैनी बसल्यात!"

"नगं!" काकू दारातून वाकून म्हणाल्या. "जाऊ दे त्यास्नी म्होरं. तुजं उपकार हायेत बाबा, जोडी नीट ठिवलीस." मग नवऱ्याकडे वळल्या. "आन् तुमी, मगाशी म्हनला त्ये पुन्ना म्हना. मोठ्यानं म्हना."

मालकांनी छाती भरून घेतली. "चल चांद्या! चल राजा!"

तो आवाज! बाजूच्या झाडावरचे पक्षी उडाले. त्या पोक्त बैलांनी कान मागे वळवले, माना उचलल्या आणि असे उधळले की नांद्याचा शेतकरी गाडीत आडवाच झाला. धुरळा उडवत जोडी पुढे गेली, आमच्या डोळ्यांदेखत लांब लांब गेली. काकू टाळ्या पिटत होत्या, हसत होत्या, इरकलाच्या पदराने डोळे पुसत होत्या. "बगा, बगा कशी पळत्यात!"

त्या दिवशीही मोटार हरलीच. पण काकू काही खाली उतरल्या नाहीत.